रॉटरडॅममध्ये चालणारा तांब्या जर्मनीत का अडतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे याच अडचणीत सापडलेल्या इतरांनाही धागा लागेल. पुण्याच्या तांबट आळीत घडवलेले मठारकामाचे (हातोडीने ठोकून घडवलेले) तांबे, जग आणि पाण्याच्या बाटल्या तुम्ही आइंडहोव्हनच्या तुमच्या कंपनीमार्फत आणता. रॉटरडॅमला कस्टम ड्युटी भरली, दोन वर्षं नेदरलँड्समधल्या दुकानांत माल विकला जातोय, कुणाची तक्रार नाही. आता जर्मनीतल्या एका दुकानदाराने माल घेतला आणि तिथल्या जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं: आतून कल्हई नसलेली तांब्याची भांडी पेयांसाठी इथे चालत नाहीत, माल काढून घ्या. तुम्ही विचारता, 'युरोप ही एकच बाजारपेठ ना? मग एका देशात चाललेला माल दुसऱ्या देशाला अडवता येतो का?'

अडवता येतो, पण 'आमच्याकडे चालत नाही' एवढ्यावर नाही. कचेरीच्या दारात 'साहेब, परवानगी द्या' असं म्हणायची आपल्याला सवय असते. इथे ती सवय बाजूला ठेवावी लागते. युरोपीय संघातल्या एका देशात माल रीतसर विकला गेला, की कारण दाखवायची पाळी दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यावर येते. तुमच्यावर येतं ते एवढंच, की माल खरोखर रीतसर विकला गेला हे कागदाने दाखवायचं. ब्रसेल्समध्ये गेली सोळा वर्षं मी लहान आयातदारांची हीच कामं करतो. त्यांतली जी हरली, ती बहुतेक कायदा विरुद्ध होता म्हणून नाही, कागद नव्हते म्हणून हरली. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

पहिली शंका बहुतेकांना असते ती माल भारतातून आल्याची. त्याने फरक पडत नाही. संघाच्या करारातलं कलम २९ सांगतं, की बाहेरच्या देशातला माल कोणत्याही एका सदस्य देशात आयातीचे सोपस्कार पूर्ण करून आणि ड्युटी भरून आत आला, की तो मुक्त संचारातला माल होतो. १९७६ साली सीरिया आणि लेबनॉनहून बेल्जियममार्गे फ्रान्समध्ये गेलेल्या कापडाचं प्रकरण लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे आलं. व्यापाऱ्यांचं नाव डोंकरवोल्के. न्यायालयाने सांगितलं की असा माल संघात तयार झालेल्या मालाच्या पंक्तीला पूर्णपणे बसतो. तुमचा तांब्या रॉटरडॅमच्या कस्टममधून बाहेर पडला तेव्हाच त्याला ते स्थान मिळालं. जर्मनीच्या सीमेवर पुन्हा ड्युटी नाही, आणि 'भारतीय माल' म्हणून वेगळी वागणूकही नाही.

ड्युटीच्या बाबतीत न्यायालय किती कडक आहे त्याची दोन उदाहरणं देतो, कारण 'सीमाशुल्क नाही, हे फक्त छोटं शुल्क आहे' असं म्हणून कुणी पैसे मागितले तर तुम्हाला ते कामी येईल. बेल्जियममध्ये आयात होणाऱ्या कच्च्या हिऱ्यांवर मूल्याच्या ०.३३ टक्के आकार घेतला जायचा. पैसा हिरे कामगारांच्या कल्याण निधीत जायचा. बेल्जियममध्ये हिऱ्यांची खाणच नाही, म्हणजे देशी मालाला संरक्षण देण्याचा प्रश्नही नव्हता. तरी १९६९ साली न्यायालयाने सांगितलं, की रक्कम किती आणि हेतू काय हे गौण आहे, माल सीमा ओलांडतो म्हणून लावलेला पैसा चालणार नाही. दुसरं उदाहरण जकात नाक्यावर ट्रकच्या रांगा पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. इटलीतल्या कारारा नगरपालिकेने गावाच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या संगमरवरावर कर बसवला होता. दुसऱ्या देशात जाणाऱ्याच नव्हे, इटलीतल्याच शेजारच्या गावात जाणाऱ्या दगडावरही. २००४ मध्ये तोही करारात न बसणारा ठरला. आपल्या राज्यघटनेतलं कलम ३०१ देशभर व्यापार मुक्त असेल असं म्हणतं, तरी मुंबईची जकात जायला २०१७ चा जीएसटी यावा लागला. युरोपात हे काम न्यायालयाने एकेक प्रकरण हातात घेऊन केलं, आणि त्याची सुरुवात एका साध्या आयातदाराने केली. १९६३ च्या व्हॅन गेंड एन लोस या निकालात न्यायालयाने मान्य केलं, की करारातला हक्क फक्त सरकारांचा नसून सामान्य व्यापाऱ्याचाही आहे आणि तो आपल्या देशाच्या कोर्टात मागता येतो. तुम्ही आज जर्मन कार्यालयाला करारातलं कलम दाखवू शकता ते या निकालामुळे.

तुमचं प्रकरण मात्र ड्युटीचं नाही, नियमाचं आहे. त्यासाठी कलम ३४, आणि त्याला अपवाद सांगणारं ३६. कलम ३४ आयातीवर संख्येची मर्यादा घालायला मनाई करतं, आणि 'तसाच परिणाम करणाऱ्या' इतर सगळ्या उपायांनाही. या शब्दांत किती मावतं ते १९७४ साली कळलं. दासोंव्हिल नावाच्या बापलेकांनी फ्रान्समध्ये आधीच मुक्तपणे विकली जाणारी स्कॉच व्हिस्की बेल्जियममध्ये आणली. बेल्जियमचा नियम असा, की माल मूळ कुठला हे सांगणारा ब्रिटिश अधिकाऱ्यांचा कागद हवा. थेट स्कॉटलंडहून आणणाऱ्याला तो सहज मिळायचा, फ्रान्समार्गे आणणाऱ्याला जवळजवळ अशक्य. त्यांच्यावर फौजदारी खटला झाला. न्यायालयाने त्या निमित्ताने व्याख्या दिली ती अशी: व्यापाराला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, आज किंवा उद्या, अडथळा करू शकेल असा देशाचा कोणताही व्यापारी नियम या मनाईत येतो.

मग आला १९७९ चा कासिस द दिजों, आणि तुमचं प्रकरण उभं राहायचं असेल तर याच निकालावर. रेवे या जर्मन कंपनीला फ्रान्सच्या दिजों शहराची काळ्या मनुक्यासारख्या बोरांची गोड मदिरा आणायची होती. तिच्यात अल्कोहोल १५ ते २० टक्के. जर्मन कायदा म्हणे, फळांच्या मदिरेत किमान २५ टक्के हवं. लक्षात घ्या, नियम परदेशी मालाविरुद्ध मुद्दाम केलेला नव्हता, जर्मन उत्पादकालाही तोच लागू होता. जर्मनीने दोन कारणं दिली. एक, कमी अल्कोहोलच्या पेयांनी लोकांना दारूची सवय जास्त लागते. दोन, ग्राहकाला वाटेल पूर्ण ताकदीची दारू मिळतेय आणि हातात येईल पातळ. न्यायालयाने पहिल्याला सांगितलं की तुमच्या बाजारात सौम्य पेयं आधीच ढीगभर आहेत, आणि कडक दारूही लोक पाणी घालूनच पितात. दुसऱ्याला सांगितलं, की बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण आणि मूळ ठिकाण छापा, ग्राहक वाचेल. त्यातून तत्त्व निघालं: एका देशात रीतसर तयार होऊन विकला जाणारा माल दुसऱ्या देशाने घ्यायचा. नाही घ्यायचा तर आरोग्य, ग्राहकाचं संरक्षण, करवसुली, व्यवहारातली सचोटी असं खरोखरचं सार्वजनिक कारण हवं. आणि त्या कारणासाठी बंदीपेक्षा हलका उपाय पुरत असेल, तर बंदी नाही.

हे शेवटचं वाक्य पाठ करा. लेबल पुरत असेल तर बंदी नाही.

पुढची चाळीस वर्षं न्यायालयाने हेच पुन्हा पुन्हा लावलं. जर्मनीचा बिअरच्या शुद्धतेचा नियम १५१६ च्या बव्हेरियन फर्मानापर्यंत मागे जातो: जव, हॉप्स, पाणी (यीस्टचं नाव नंतर आलं). त्यात न बसणारी परदेशी बिअर 'बिअर' या नावाने विकता येत नसे, आणि त्यात मिसळद्रव्यं असतील तर विक्रीच बंद. १९८७ मध्ये न्यायालयाने तोही अडथळा दूर केला, कारण तीच मिसळद्रव्यं जर्मनीत इतर पेयांत चालत होती आणि धोक्याचा नेमका पुरावा नव्हता. बेल्जियमला मार्गारीन फक्त चौकोनी ठोकळ्यात हवं होतं, लोण्याशी गल्लत होऊ नये म्हणून. १९८२ मध्ये तेही गेलं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो २००७ चा लसणाचा खटला. जर्मनीने लसणाच्या अर्काची कॅप्सूल औषध ठरवून अडवली. एका कॅप्सूलमधला अर्क म्हणजे साधारण ७.४ ग्रॅम कच्चा लसूण. न्यायालयाने विचारलेलं आपली कुठलीही आजी विचारेल: जेवणात तेवढा लसूण खाल्ल्याने जो परिणाम होतो त्याहून वेगळं ही कॅप्सूल काय करते? काही ठरावीक लोकांना धोका असेल तर इशारा छापा, सगळ्यांसाठी औषधाचा परवाना का? जर्मनी हरली. आयुर्वेदिक भुकट्या आणि अर्क विकणाऱ्यांनी हा निकाल जपून ठेवावा. त्याच वेळी हेही ध्यानात ठेवावं, की डेन्मार्कने २०२३ मध्ये अन्नपूरकांतल्या अश्वगंधेवर बंदी घातली आणि शेजारच्या देशांत ती विक्रीला राहिली. देशांचा हात अजून मोकळा आहे, फक्त त्यांना पुराव्याने बोलावं लागतं.

आणि ते जिंकतातही. डेन्मार्कची बिअर-सरबतांच्या बाटल्या अनामत घेऊन परत जमवायची पद्धत १९८८ मध्ये पर्यावरणाच्या कारणावर मुख्यतः टिकली. इटलीने मोटारसायकलला मागे गाडा जोडायला मनाई केली होती, त्याने गाडे बनवणाऱ्यांचा बाजारच बंद होत होता, तरी रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी २००९ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. तेव्हा 'युरोपीय कायदा आमच्या बाजूचा आहे' असं म्हणत कार्यालयात जाऊ नका. तांब्याच्या बाबतीत आरोग्याचं कारण पोकळ नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आपल्या घरात ताक तांब्याच्या भांड्यात ठेवत नाहीत, कारण ते कळकतं. चिंचेचं सार, आमटी, लोणचं तर नाहीच. आंबट पदार्थ तांबं विरघळवतो, आणि ते जास्त पोटात गेलं की मळमळ, उलटी होते. म्हणून तर कल्हईवाले दारोदार फिरायचे. साध्या पाण्याचं तसं नाही. पाणी रात्रभर ठेवलं तर थोडं तांबं उतरतं, पण किती, हे पाण्याच्या आंबटपणावर आणि वेळेवर अवलंबून असतं. ही घरची अक्कल युरोपीय कायद्याच्या भाषेत मांडली की तुमचा बचाव तयार होतो: धोका भांड्यात नाही, वापरात आहे, आणि वापर सूचनेने आवरता येतो.

आता तुमच्या पत्राकडे. पाठवलेल्या भागात अधिकाऱ्याने कोणत्या कायद्याचं नाव घेतलंय ते दिसत नाही. ते आधी शोधा, कारण इथून दोन वाटा फुटतात आणि चुकीच्या वाटेने गेलात तर चांगलं उत्तरही वाया जातं.

अन्नाला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंसाठी संघाची एक सामाईक नियमावली आहे, १९३५/२००४. तिचं कलम ३ सांगतं, की वस्तूतून अन्नात आरोग्याला धोका होईल इतकं किंवा चव बिघडेल असं काही उतरता कामा नये. प्लॅस्टिक आणि चिनी मातीसाठी तिच्याखाली संघाचे वेगळे तपशीलवार नियम आहेत. धातूंसाठी मात्र असा वेगळा नियम संघाने केलेला नाही, ते देशांवर सोडलं आहे. पत्र कलम ३ वर उभं असेल, तर परस्पर मान्यतेचा, म्हणजे कासिसच्या तत्त्वाचा, मुद्दा काढून उपयोग नाही. तो कायदा सत्तावीसही देशांत एकच आहे, नेदरलँड्समध्येही तोच. तिथे उत्तर एकच: प्रयोगशाळेचा अहवाल. पत्र एखाद्या जर्मन नियमावर किंवा जर्मनीतल्या प्रथेवर उभं असेल, तर कासिसची वाट उघडी.

दोन्ही वाटांना अहवाल लागणारच आहे, तेव्हा तो आजच सांगून टाका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून दोन वेगळ्या चाचण्या करून घ्या, एक नळाच्या पाण्यासारख्या द्रवाने आणि एक सायट्रिक आम्लाने. तुलनेसाठी दोन आकडे हाताशी ठेवा. संघाच्या पिण्याच्या पाण्याच्या निर्देशात तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. कौन्सिल ऑफ युरोपच्या धातूंविषयीच्या मार्गदर्शिकेत, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत, भांड्यातून अन्नात उतरणाऱ्या तांब्यासाठी किलोला ४ मिलिग्रॅम दिलेले आहेत. ही मार्गदर्शिका कायदा नाही, आणि कौन्सिल ऑफ युरोप ही युरोपीय संघाहून वेगळी संस्था आहे, पण धातूंच्या बाबतीत अधिकारी तिच्याकडेच बघतात. आम्लाच्या चाचणीत तुमची बाटली नापास होईल असं धरून चाला. पाण्याच्या चाचणीत ती पास झाली की तुमचं म्हणणं उभं राहतं.

मग लेबल. त्याच १९३५/२००४ च्या कलम १५ प्रमाणे गरज असेल तिथे सुरक्षित वापराच्या सूचना द्यायच्याच असतात, शिवाय पेला आणि काटा यांचं चिन्ह किंवा 'अन्नासाठी' असा उल्लेख. जर्मनीत जाणाऱ्या प्रत्येक नगावर जर्मन भाषेत लिहा: फक्त साध्या पाण्यासाठी, लिंबू, व्हिनेगर, फळांचा रस, ताक किंवा सोडा ठेवू नये, आठ तासांहून जास्त वेळ पाणी ठेवू नये. तासांचा आकडा तुमच्या अहवालात बसेल तोच छापा. आणि तुमच्या संकेतस्थळावर तांब्याच्या जगात लिंबाच्या चकत्या आणि पुदिना घातलेला जो सुंदर फोटो आहे, तो आज काढा. अधिकारी 'सूचना आहे' यावर विश्वास ठेवेल की फोटोवर? 'पचन सुधारतं, सांधेदुखी कमी होते' ही ओळही काढा. त्या ओळीने तुमच्या भांड्याभोवती औषधाचा आणि दिशाभुलीचा प्रश्न उभा राहतो, आणि जर्मनीत प्रतिस्पर्धी व्यापारी किंवा त्यांच्या संघटना अशा दाव्यांवर थेट वकिलाची नोटीस धाडतात. तिला 'आबमानुंग' म्हणतात, आणि तिचा खर्च नोटीस मिळणाऱ्याच्या माथी येतो.

आता दुसरी वाट, म्हणजे परस्पर मान्यता. २०२० च्या १९ एप्रिलपासून लागू असलेली नियमावली २०१९/५१५ खास याच प्रसंगासाठी आहे आणि मला ती मनापासून आवडते, कारण तिने कासिसचं तत्त्व जिल्हा पातळीवरच्या कारकुनाच्या टेबलापर्यंत आणलं. तिच्याप्रमाणे अधिकाऱ्याला तुमच्या मालाचं मूल्यांकन करायचं असेल तर तसं आधी कळवावं लागतं. मूल्यांकन चालू असताना तुम्ही माल विकत राहू शकता. अपवाद फक्त आरोग्याला गंभीर धोका असेल किंवा सार्वजनिक नीतिमत्ता, सुरक्षा यांसाठी माल सरसकट निषिद्ध असेल तेव्हाचा. तुमच्याकडे कागद मागितले तर किमान १५ कामाचे दिवस द्यावे लागतात. शेवटी नकार द्यायचा झाला, तर निर्णयात त्यांचा नियम कोणता, सार्वजनिक कारण कोणतं, शास्त्रीय पुरावा कोणता, तुमचे मुद्दे काय होते, आणि हलक्या उपायाने काम का भागत नाही, हे सगळं लिहावं लागतं. तो निर्णय २० कामाच्या दिवसांत युरोपीय आयोगाला आणि इतर देशांनाही कळवावा लागतो. 'चालत नाही, काढून घ्या' हे दोन ओळींचं पत्र या कसोटीला उतरत नाही.

तुमच्या बाजूने जो कागद लागतो त्याचं नाव परस्पर मान्यतेचं घोषणापत्र. ते ऐच्छिक आहे, पण मी ते नेहमी करायला लावतो, कारण पुराव्यासह ते दिलं की 'माल दुसऱ्या देशात रीतसर विकला जातो' हे दाखवायला अधिकारी आणखी काही मागू शकत नाही. नमुना नियमावलीच्या परिशिष्टात आहे, दोन भागांत. पहिला भाग मालाविषयी, दुसरा विक्रीविषयी. पुरावा तुमच्याकडे असेल तर आयातदार म्हणून दोन्ही भाग तुम्हीच भरू शकता, तांबट आळीतल्या कारागिरांना सह्यांसाठी धावाधाव करायला लावायची गरज नाही. खाली सही करणाऱ्यावर खरेपणाची जबाबदारी येते, एवढं लक्षात असू द्या.

पुराव्यात काय? इथे मी थांबून सांगतो, कारण इथेच घात होतो. नियमावलीच्या व्याख्येप्रमाणे 'रीतसर विकला गेला' म्हणजे माल त्या देशाच्या नियमांत बसतो, किंवा त्या देशात त्यावर नियमच नाही, आणि शिवाय तो तिथल्या शेवटच्या ग्राहकापर्यंत उपलब्ध झालेला आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पितळी भांड्यांचे एक आयातदार आले होते. माल रॉटरडॅमच्या गोदामात उतरवायचे आणि सगळाच्या सगळा तिथूनच जर्मनी-ऑस्ट्रियाला पाठवायचे. नेदरलँड्समध्ये एकही नग विकलेला नव्हता. कस्टमचे कागद चोख, पण 'रीतसर विकला गेला' हे दाखवायला बिल एकही नाही. त्यांचं प्रकरण मला उभंच करता आलं नाही, आणि त्याची खंत आजही आहे, कारण माल चांगला होता. तुमचं तसं नाही. दोन वर्षांची डच दुकानांची बिलं तुमच्याकडे आहेत. ती काढा, त्यावर नगाचा मॉडेल क्रमांक आहे का ते पाहा. दुकानाच्या फळीवरचा तारखेसह फोटो, डच दुकानाच्या संकेतस्थळावरचं पान, रॉटरडॅमचं कस्टम डिक्लरेशन, डच अन्न-निरीक्षकाने कधी तपासणी केली असेल तर तिचा कागद, हे एका फाइलमध्ये लावा. जर्मनीत गेलेला नग आणि नेदरलँड्समध्ये विकलेला नग एकाच प्रकारचा आहे हे कुणालाही पाहताक्षणी कळलं पाहिजे. नेदरलँड्समध्ये फक्त कल्हईचे जग विकले असतील आणि जर्मनीत बिनकल्हईची बाटली पाठवली असेल, तर ते दोन वेगळे प्रकार आहेत आणि पहिल्याची बिलं दुसऱ्याला चालणार नाहीत.

जर्मन बाजूचा एक तपशील कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पत्राच्या डोक्यावर 'आनह्योरुंग' लिहिलंय की 'बेशाइट'? पहिलं म्हणजे 'निर्णयाआधी तुमचं म्हणणं मांडा', तेव्हा अजून निर्णय झालेलाच नाही. दुसरं म्हणजे निर्णय, आणि त्याविरुद्ध दाद मागायची मुदत साधारणपणे तो मिळाल्यापासून एक महिना. निर्णयाच्या शेवटी दाद कुठे आणि कधीपर्यंत मागायची याची सूचना असते. ती नसेल तर मुदत एक वर्षापर्यंत लांबते. बऱ्याच आयातदारांना 'आनह्योरुंग' मिळतं, ते घाबरून माल काढून घेतात आणि लढाई सुरू होण्याआधीच संपते.

निर्णय विरोधात गेला तर सॉल्व्हिट नावाची यंत्रणा आहे. २००२ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि प्रत्येक देशात तिचं केंद्र आहे. तुम्ही डच केंद्राकडे जायचं, ते जर्मन केंद्राशी बोलतं, आणि दहा आठवड्यांत तोडगा काढायचं त्यांचं उद्दिष्ट असतं. २०१९/५१५ खालच्या प्रकरणात सॉल्व्हिटला युरोपीय आयोगाचं मतही मागता येतं, आणि आयोगाने ते ४५ कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. पण कोर्टाची एक महिन्याची मुदत सॉल्व्हिटमुळे थांबत नाही, आणि कोर्टात गेल्यावर सॉल्व्हिट प्रकरण हातात घेत नाही. म्हणून निर्णय आल्या दिवशीच जर्मन वकिलाशी बोला आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

परस्पर मान्यतेच्या बाहेर काय राहतं ते थोडक्यात. खेळणी, विजेची उपकरणं, सौंदर्यप्रसाधनं असा माल संघाच्या सामाईक नियमांखाली येतो, तिथे कासिसचा आधार घेता येत नाही, ते नियमच पाळायचे. दुकान किती वाजता बंद, जाहिरात कुठे, तोट्यात विकायचं की नाही, असले विक्रीच्या पद्धतीचे नियम १९९३ च्या केक आणि मिथुआर निकालापासून बहुतेक कलम ३४ च्या बाहेर आहेत, देशी-परदेशी मालाला सारखेच लागू असतील तर. व्हॅट आणि जर्मनीतली वेष्टणांची नोंदणी हे विषय स्वतंत्र. जर्मनीत २०१९ पासून वेष्टण कायदा आहे आणि ल्यूसिड या नोंदवहीत नाव नसेल तर वेष्टणासह माल विकता येत नाही, ते आधी तपासून घ्या, नाहीतर तांब्याचं प्रकरण जिंकूनही खोक्यापायी अडाल. ग्रेट ब्रिटन आता या चौकटीबाहेर आहे, उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत आत आहे. स्वित्झर्लंड संघात नाही, पण त्याने २०१० पासून कासिसचं तत्त्व आपल्या बाजूने स्वीकारलं आहे. पुढे तिकडे माल पाठवायचा विचार असेल तर ते वेगळं विचारा, अपवादांची यादी बरीच आहे.

तर उद्या करायचं ते असं. अधिकाऱ्याला नम्र, एका पानाचं पत्र लिहा, जर्मन भाषेत. त्यात तीन प्रश्न विचारा: आपलं पत्र १९३५/२००४ च्या कलम ३ खाली आहे की जर्मन नियमाखाली? जर्मन नियमाखाली असेल तर हे २०१९/५१५ खालचं मूल्यांकन आहे का? आणि फक्त पाण्यासाठी असल्याची ठळक सूचना का पुरत नाही? सोबत लिहा की घोषणापत्र, विक्रीचा पुरावा आणि चाचणीचा अहवाल १५ कामाच्या दिवसांत देत आहोत. उत्तर मिळेपर्यंत दुकानदाराला सांगा की माल फळीवरून काढायचा नाही, पण सध्या आहे त्या नगांना सूचनेची चिठ्ठी आजच बांधायची. चिठ्ठीचा फोटो तारखेसह ठेवा. तो तुमच्या फाइलमधला पहिला कागद.